श्वानाचें पान : पक्व कीं अपक्व ?

मनुष्यानें जीं जनावरें आपल्याजवळ केलीं त्यांत कुत्रा सर्वांत जुना होय. जर्मनींतील बॉन शहराजवळ ओबरकासेल येथें १९१४ सालीं दगडाच्या खाणींत एक पुरुष व एक स्त्री यांच्या सांगाड्यांबरोबर कुत्र्याचीं हाडें सांपडलीं. त्या दफनाचा काळ सुमारें १४,००० वर्षांपूर्वींचा ठरला आहे. म्हणजे शेत, गाय किंवा घोडा यांपैकीं कांहींच मनुष्याच्या पदरीं नव्हतें, तेव्हां कुत्रा होता. इतक्या दीर्घ सहवासानंतर ह्या प्राण्यानें काय खावें हा प्रश्न केव्हांच निकालांत निघाला असेल, असें कोणासही वाटेल. परंतु वस्तुस्थिति तशी नाहीं. कुत्रा हा मूळचा लांडगा, सबब त्याचें शिजविलेलें अन्न व कारखान्यांतील कोरडें खाद्य बंद करून त्याला कच्चें मांस आणि कच्चीं हाडें द्यावीं, असें सांगणारा एक पंथ गेल्या तीस वर्षांत पाश्चात्य देशांत बळावला आहे. ऑस्ट्रेलियांतील पशुवैद्य इयन बिलिंगहर्स्ट यांनीं १९९३ सालीं कुत्र्यास हाड द्या असें सांगणारें पुस्तक प्रसिद्ध केलें, तेव्हांपासून ह्या पंथास ग्रंथाचें बळ मिळालें. आणि आतां आपल्याकडील मोठ्या शहरांतूनही गोठविलेल्या कच्च्या मांसाच्या पिशव्या सुशिक्षित कुटुंबांच्या शीतपेटींत दिसूं लागल्या आहेत.

ह्या मताची थट्टा करणें सोपें आहे, व त्यास शरण जाणेंही तितकेंच सोपें आहे. परंतु ज्याला बोलतां येत नाहीं त्याच्या पानांत काय वाढावें हें दुसऱ्यानेंच ठरवावयाचें असतें, आणि निर्णय चुकला तर त्याचें प्रायश्चित्त ठरविणाऱ्यास नव्हे, तर खाणाऱ्यास भोगावें लागतें. म्हणून आजवर हें कोणीं, कसें व कशाच्या आधारें ठरविलें याचा इतिहास पाहणें अगत्याचें आहे.

रोमन ग्रंथकार व्हारो यानें इसवी सनापूर्वीं ३७ च्या सुमारास, वयाच्या ऐंशीव्या वर्षीं, शेतीवर एक ग्रंथ लिहिला. मेंढ्या राखणाऱ्या कुत्र्यांना दुधांत भिजविलेली जवाची भाकरी, हाडांचा रस्सा व फोडलेलीं हाडें द्यावीं, असें तो सांगतो. मात्र मेलेल्या मेंढीचें मांस त्यांस चाखूं देऊं नये, नाहीं तर चटक लागून राखणदारच भक्षक बनेल, असा इशाराही देतो. पुढच्या शतकांतील कोलुमेल्ला हा जवाचें पीठ व दुधाची निवळी यांची शिफारस करतो. दुभतें नसेल तेथें गव्हाची भाकरी उकडलेल्या कडधान्याच्या पाण्यांत कालवून घालावी म्हणतो. तें पाणी कोमट असावें, कढत दिल्यास कुत्रें पिसाळतें, असा त्याचा समज होता. आपल्या दख्खनच्या पठारावर मेंढ्यांमागें हिंडणारा धनगराचा कुत्राही भाकरी व ताक यांवरच वाढत आला. आणि जेवणापूर्वीं गाय, कावळा व कुत्रा यांचा वांटा काढून ठेवण्याची जी आपली जुनी चाल, तींतील वांटाही चुलीवर शिजलेल्या अन्नाचाच असे. रोम व दख्खन यांचा येथें परस्परांशीं कांहीं संबंध नाहीं. धान्य पिकविणाऱ्या समाजांत कुत्र्याच्या वांट्यास धान्यच येणार, एवढाच त्याचा अर्थ. मध्ययुगीन फ्रान्समध्यें सरदारांच्या शिकारी कुत्र्यांना सुद्धां रोजचें अन्न म्हणून पावच मिळे. हरिण पडल्यावर त्याच्या पसरलेल्या कातड्यावर रक्तांत भिजविलेला पाव व आंतडीं मांडून कुत्र्यांस मेजवानी देत. गास्तों फेबुस या उमरावाच्या, १३८७ सालीं लिहावयास घेतलेल्या, शिकारीवरील प्रसिद्ध ग्रंथांत ह्या विधीचें वर्णन आहे. कच्चें मांस हें तेथें बक्षीस होतें, नित्याचें जेवण नव्हतें.

कुत्र्याचें अन्न विकत घेण्याची वस्तु झाली ती एकोणिसाव्या शतकांत. जेम्स स्प्रॅट नांवाचा एक अमेरिकन विजेपासून घरांचें रक्षण करणाऱ्या सळया विकण्यासाठीं १८६० च्या सुमारास इंग्लंडांत आला. गोदींत टाकलेलीं जहाजी बिस्किटें कुत्रीं आवडीनें खातात हें पाहून त्याला कल्पना सुचली, अशी कथा सांगतात. गव्हाचें पीठ, भाज्या, बीट व वाळविलेलें मांस यांचीं बिस्किटें करून तीं त्यानें शिकारी लोकांस विकलीं आणि धंदा भरभराटीस आणला. त्याच्याच पेढीवर तरुणपणीं नोकरीस लागलेल्या चार्ल्स क्रफ्ट यानें पुढें १८९१ सालीं लंडनमध्यें आपल्या नांवानें श्वानांचें प्रदर्शन सुरू केलें. पहिल्या महायुद्धानंतर मोटारींमुळें निरुपयोगी झालेल्या घोड्यांचें मांस डब्यांत भरून १९२२ सालीं अमेरिकेंत विकूं लागले. दुसऱ्या महायुद्धांत कथलाचा तुटवडा पडतांच डबे मागें पडून कोरडें खाद्य पुढें आलें. आणि १९५७ सालीं, न्याहारीच्या धान्यासाठीं वापरल्या जाणाऱ्या दाबयंत्रांतून फुलवून काढलेले खाद्याचे दाणे बाजारांत आले. बिस्किट, डबा व दाणे यांपैकीं प्रत्येकाची उत्पत्ति कुत्र्याच्या गरजेपेक्षां व्यापाराच्या सोयींत अधिक आहे, ही कच्च्या अन्नाच्या पुरस्कर्त्यांची तक्रार अगदींच निराधार नाहीं.

परंतु ह्याच काळांत प्रयोगशाळेंत दुसरा एक इतिहास घडत होता, व तो आपल्या मुलांबाळांशीं निगडित आहे. फ्रेंच शास्त्रज्ञ माझांदी यानें १८१६ सालीं कुत्र्यांना नुसती साखर व पाणी देऊन पाहिलें. तीं महिन्याभरांत खंगून मेलीं, व सर्व अन्नें सारखीं नसतात हें प्रथम स्पष्ट झालें. शंभर वर्षांनीं एडवर्ड मेलन्बी यानें लंडनमध्यें कुत्र्याचीं पिल्लें कोंडून ठेवून त्यांना ओटच्या पिठाची पेज वगैरे खावयास घातली. पिल्लांचे पाय वांकले. त्यांना मुडदूस झाला. कॉड माशाच्या यकृताचें तेल देतांच तो टळला. १९१९ सालीं प्रसिद्ध झालेल्या ह्या प्रयोगांवरून मुडदूस हा आहारदोषाचा रोग आहे हें सिद्ध झालें, व १९२२ सालीं मॅकॉलम यानें त्या तेलांतील ‘ड’ जीवनसत्त्व वेगळें ओळखलें. पेलाग्रा ह्या मनुष्याच्या भयंकर रोगाचा उलगडाही असाच झाला : १९३७ सालीं एल्व्हेयम यानें कुत्र्यांची काळी पडलेली जीभ निकोटिनिक आम्लानें बरी केली आणि मनुष्यासही तेंच औषध लागू पडलें. ज्यांच्या वांकलेल्या पायांवरून आमच्या मुलांचे पाय सरळ ठेवण्याची विद्या मिळाली, त्या प्राण्यांचें ऋण केवळ लाड करून फिटण्यासारखें नाहीं.

त्याच मेलन्बीनें १९४६ सालीं आणखी एक गोष्ट दाखवून दिली. कित्येक वर्षें इंग्लंड-अमेरिकेंतील कुत्र्यांना एकाएकीं भ्रम होऊन तीं सैरावैरा धांवत, किंचाळत व आंकडी येऊन पडत. कारण कोणासच उमगेना. मेलन्बीनें तें पिठांत शोधून काढलें. गव्हाचें पीठ पांढरें शुभ्र दिसावें व पाव चांगला फुगावा म्हणून गिरणीवाले त्यावर नायट्रोजन ट्रायक्लोराइड ह्या वायूची क्रिया करीत. त्या पिठाचीं बिस्किटें खाणाऱ्या कुत्र्यांना ही विकृति जडे. मनुष्यांत तसा रोग आढळला नव्हता, तरीही अमेरिकेनें १९४९ सालीं ती प्रक्रिया बंद केली व इंग्लंडनेंही पुढें ती सोडली. साठ वर्षांनीं पुन्हां असाच प्रकार घडला. २००७ सालीं उत्तर अमेरिकेंत पाळीव कुत्रीं व मांजरें मूत्रपिंडें निकामी होऊन मरूं लागलीं. चीनहून आलेल्या गव्हाच्या चिकट सत्त्वांत प्रथिनें अधिक आहेत असें तपासणींत भासावें म्हणून मेलामाइन मिसळलें होतें. लाखों डबे व पिशव्या परत घ्याव्या लागल्या. ज्यांचा कारखान्यावरील विश्वास त्या वर्षीं उडाला, त्यांतील पुष्कळजण आपल्या हातानें अन्न तयार करण्याकडे वळले, यांत आश्चर्य नाहीं.

तथापि अविश्वास योग्य असला म्हणून त्यांतून निघालेला सिद्धांत खरा ठरत नाहीं. कुत्रा म्हणजे लांडगाच, हा ह्या पंथाचा पाया. स्वीडनमधील संशोधकांनीं २०१३ सालीं दोहोंचीं जनुकें ताडून पाहिलीं. पिष्ट पचविणाऱ्या पाचकरसाच्या जनुकाच्या प्रती लांडग्यांत दोन, तर कुत्र्यांत चारपासून तीसपर्यंत आढळल्या. मनुष्याच्या उंबऱ्याशीं भाकरीचे तुकडे खात हजारों वर्षें काढल्याची ती साक्ष आहे. उलट, कारखानदारानेंही कुत्र्यास सर्वस्वीं धान्यभक्षक समजूं नये. मनुष्याप्रमाणें उन्हांत बसून पुरेसें ‘ड’ जीवनसत्त्व आपल्या त्वचेंत तयार करणें कुत्र्यास साधत नाहीं. तें त्याला अन्नांतूनच मिळालें पाहिजे. ही शिकारीवर जगलेल्या पूर्वजांची खूण होय. तात्पर्य, त्याच्या शरीरांत अरण्य व घर हे दोन्ही वारसे आहेत; एकच मानून आहार ठरविला तर तो अपुरा पडतो.

अपक्व मांसाचा दुसरा धोका घरांतील माणसांस आहे. अमेरिकन शासनाच्या औषध-अन्न खात्यानें २०१० ते २०१२ या काळांत बाजारांतील कच्च्या श्वानखाद्याचे व मांजरखाद्याचे १९६ नमुने तपासले. त्यांपैकीं १५ नमुन्यांत साल्मोनेला व ३२ नमुन्यांत लिस्टीरिया हे रोगजंतु निघाले. नेदरलंड्समध्यें २०१८ सालीं प्रसिद्ध झालेल्या पाहणींत ३५ गोठविलेल्या पदार्थांपैकीं १९ पदार्थांत लिस्टीरिया व ७ पदार्थांत साल्मोनेला आढळला. गोठविल्यानें हे जंतु मरत नाहींत. कुत्रा स्वतः बहुधा ठणठणीत राहतो, परंतु त्याच्या लाळेंतून व विष्ठेंतून ते बाहेर पडतात. आणि त्याच्या गळ्यास मिठी मारणारें मूल किंवा घरांतील वृद्ध माणूस आजारी पडतें. शिवाय घरीं नुसतें मांस कापून घातल्यास चुन्याचें प्रमाण कमी पडतें, व वाढत्या पिल्लाचीं हाडें पुन्हां वांकण्याचा प्रसंग येतो. हाडें चघळावयास दिल्यास दांत मोडण्याची व आंतडें अडण्याची भीति असते. कच्चें अन्न चांगलें पचतें व विष्ठा कमी होते असें अल्पकाळच्या प्रयोगांत दिसून आलें आहे, हें प्रामाणिकपणें सांगितलें पाहिजे; परंतु त्यानें आयुष्य वाढतें असें दीर्घकाळच्या प्रयोगानें कोणींही सिद्ध केलेलें नाहीं.

आयुष्य वाढल्याचा एक चांगला प्रयोग मात्र झालेला आहे. एका खाद्यकंपनीनें अमेरिकेंत ४८ लॅब्राडोर पिल्लांच्या २४ जोड्या केल्या व प्रत्येक जोडींतील एकास दुसऱ्यापेक्षां २५ टक्के कमी अन्न जन्मभर दिलें. २००२ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध झाला. भरपूर खाणाऱ्यांचें मध्यम आयुर्मान ११.२ वर्षें, तर कमी खाणाऱ्यांचें १३ वर्षें भरलें. सांध्यांचे विकारही त्यांना उशिरां जडले. दोन्ही गटांचें अन्न एकच होतें. भेद होता तो केवळ मापाचा. पक्व कीं अपक्व ह्या वादांत जी कुटुंबें हिरीरीनें पडतात, त्यांतील किती जणांनीं आपल्या कुत्र्याचें वजन वर्षभरांत एकदां तरी करून पाहिलें असेल ?

ज्यास आपला कुत्रा नव्या आहारावर आणावयाचा असेल त्यानें तें पशुवैद्याच्या सल्ल्यानें, हळूहळू व शक्यतों शिजवूनच करावें. चुना, जीवनसत्त्वें व माप यांचा हिशेब ठेवावा. आणि जनावराचें वजन, दांत व मलमूत्र यांकडे लक्ष द्यावें. ही सर्व कामें कंटाळवाणीं आहेत, व कोणत्याही पंथाची दीक्षा घेण्याइतका आनंद त्यांत नाहीं. परंतु पांढरें पीठ विकणारा गिरणीवाला, मेलामाइन मिसळणारा व्यापारी आणि लांडग्याचें स्वप्न पाहणारा हौशी धनी ह्या तिघांनींही एकच गोष्ट केलेली नव्हती : समोरचें जनावर त्या अन्नावर कसें राहतें तें धीर धरून पाहणें. तेवढें आपण केलें, तर पानांत भाकरी आहे कीं मांस, हा प्रश्न पुष्कळसा सुटण्यासारखा आहे.