शब्द कोठे संपतो?

वाचकहो, आपल्या गावाचे नाव किती लांब आहे, हे तुम्ही कधी मोजून पाहिले आहे काय? चाळिशी उलटेपर्यंत मीही मोजले नव्हते. मध्यंतरी कळमनुरीची एक विद्यार्थिनी एका अर्जाची छापील पावती घेऊन माझ्याकडे आली. पावतीवर ‘तालुका’ या शब्दापुढे छापले होते ‘कळमनुर’, आणि त्याच्यापुढे प्रश्नचिन्ह असलेला एक काळा चौकोन. शेवटची दीर्घ वेलांटी गायब! खिडकीवरचे गृहस्थ म्हणाले, मूळ दाखल्याशी नाव जुळत नाही, दुरुस्ती करून आणा. त्या एका वेलांटीपायी पोरीच्या हिंगोलीला तीन खेपा झाल्या, आणि सोबत जाणाऱ्या बापाचे तीन दिवसांचे रोज बुडाले. अर्ज भरताना तिने नाव बरोबर लिहिले होते; मी शेजारीच बसलो होतो. मग वेलांटी गेली कोठे?

मी इतिहास शिकवणारा माणूस. यंत्रातले मला कळत नाही, पण एखादी गोष्ट अशी का झाली हे मागे मागे जाऊन पाहण्याची खोड आहे. त्या खोडीने मी जो मागे गेलो, तो थेट १९७० च्या सुमारास अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत पोचलो. तेथली हकीकत सांगण्यापूर्वी मात्र आपल्याच दप्तरातले एक उदाहरण घेऊ.

मोडीचा जुना कागद तुमच्यापैकी पुष्कळांच्या घरी पेटीत असेल. लिहिणारा आधी आडवी रेघ ओढतो आणि तिच्याखाली अक्षरे लिहीत जातो. दोन शब्दांमध्ये जागा नाही, स्वल्पविराम नाही, पूर्णविराम नाही. शब्द कोठे तोडायचा ते वाचणाऱ्याने आपल्या अकलेने ठरवायचे. पण पत्र कोठे संपले, हे मात्र वाचणाऱ्याच्या अकलेवर सोडलेले नसे. शिवकालीन पत्रांच्या अखेरीस मोर्तबाचा शिक्का असतो; ‘ही येथे मर्यादा’ अशा अर्थाचे शब्द त्यात कोरलेले. पुढे त्यालाच ‘लेखनसीमा’ म्हणत. कारण उघड आहे. शेवट मोकळा ठेवला, तर मधल्या मध्ये कोणीही एक ओळ घुसडील, आणि एका गावाच्या इनामाची दोन गावे व्हायची! धनादेशावर अक्षरी रक्कम लिहून पुढे ‘मात्र’ लिहितो तेही याच भीतीने.

आता संगणकाची स्मृती म्हणजे काय, तर असाच एक अखंड मोडी कागद. फरक एवढाच की त्यावर अक्षरे नाहीत, आकडे आहेत. एका रांगेत घरे, प्रत्येक घराला क्रमांक, प्रत्येक घरात एक लहानसा आकडा. त्या घराला ‘बाइट’ म्हणतात, आणि त्यात ० ते २५५ यांपैकी एकच आकडा मावतो. आपल्या महाराष्ट्रात अशी स्मृती पूर्वीच बांधली गेली होती. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली एक संगणक सुरू झाला. १९६२ साली पंडित नेहरूंनी त्याचे नाव ठेवले ‘टिफ्रॅक’. त्याच्या स्मृतीत ४० बिटांची २०४८ घरे होती. म्हणजे आजच्या हिशेबाने जेमतेम दहा हजार बाइट. तुमच्या खिशातल्या मोबाइलमधला एक फोटोसुद्धा त्यात मावणार नाही. आणि ती स्मृती होती कशाची? फेराइटच्या बारीक कड्यांची, तारांत ओवलेल्या. बिटागणिक एक कडे. अशी ऐंशी हजारांवर कडी! अक्षरशः माळच म्हणा ना.

एकाच जातीच्या वस्तू एकाला एक लागून असलेल्या घरांत ओळीने ठेवल्या, की त्या ओळीला ‘अ‍ॅरे’ म्हणतात. मोंढ्यात हळदीची पोती ओळीने लावलेली असतात तशी. पहिले पोते कोठे आहे ते माहीत असले, म्हणजे दहावे कोठे असेल ते चालत जाऊन पाहावे लागत नाही, हिशेबाने कळते. येथे विद्यार्थी हमखास अडखळतात, कारण या भाषांत पहिल्या वस्तूचा क्रमांक एक नसून शून्य असतो. यात वेडेपणा काही नाही. तो क्रमांक वस्तूचा नाही, अंतराचा आहे. पहिली वस्तू आरंभापासून शून्य घरे दूर आहे, इतकेच. आपल्याकडे धान्य मोजताना मापारी पहिल्या मापाला ‘एक’ म्हणत नाही, ‘लाभ’ म्हणतो. पहिल्याला वेगळे नाव देण्याची खोड काही त्यांनाच लागली आहे असे नाही!

असो. आता मूळ मुद्दा. अक्षरांची ओळ, म्हणजे ‘स्ट्रिंग’, आपण तिला अक्षरमाळ म्हणू, ती स्मृतीत ठेवली. आरंभ ठाऊक आहे. ती संपते कोठे? याला दोनच मार्ग. एक, आरंभीच आकडा लिहून ठेवावा: पुढे सात अक्षरे आहेत. दुसरा, शेवटी खूण ठेवावी. जपमाळ ओढणारी आजी १०८ आकडे मनात धरत नाही. तिचे बोट मेरुमण्याला लागले की तिला कळते, फेरा पुरा झाला. मात्र त्यासाठी माळेत १०८ मणी ओवून भागत नाही, १०९ वा लागतो.

इंग्लंडचे मार्टिन रिचर्ड्‌स यांनी १९६७ च्या सुमारास बीसीपीएल नावाची भाषा केली. तिने पहिला मार्ग धरला. अक्षरमाळेच्या पहिल्या घरात संख्या. बेल प्रयोगशाळेत केन थॉमसन यांनी तिच्यावरून ‘बी’ भाषा बेतली, तेव्हा त्यांनी संख्या काढून टाकली आणि शेवटी खूण ठेवली. बीवरून डेनिस रिची यांनी १९७१ ते १९७३ च्या दरम्यान ‘सी’ भाषा घडवली, आणि तिच्यात ती खूण झाली शून्य. का बरे? रिचींनी पुढे १९९३ साली लिहिलेल्या आपल्या निवेदनात दोन कारणे दिली आहेत. संख्येला आठ-नऊ बिटांचे घर दिले, तर माळेच्या लांबीला मर्यादा पडते. आणि त्यांच्या अनुभवात संख्या सांभाळण्यापेक्षा शेवटची खूण सोयीची वाटली. ज्या यंत्रावर सी वाढली, त्याची स्मृती होती २४ हजार बाइटच्या घरात. बाइटाबाइटाची काटकसर चाललेली होती. त्या माणसांना मी दोष देत नाही. पण मेरुमण्याचा तो निर्णय पुढे साऱ्या जगाने उचलला, कारण १९७३ साली युनिक्स ही प्रणालीच सी भाषेत लिहिली गेली आणि तिच्याबरोबर ती घरोघर गेली.

या भाषेचा स्वभाव नीट समजून घ्या, कारण घोटाळ्याचे मूळ तेथे आहे. सी भाषेत अ‍ॅरेचे नाव घेतले, की बहुतेक ठिकाणी त्याचा अर्थ होतो फक्त पहिल्या घराचा पत्ता. किती घरे होती, हे त्या पत्त्याबरोबर जात नाही. शेताचा सात-बारा घरी ठेवून गड्याला नुसता कोपऱ्याचा दगड दाखवावा, तसे हे. बांध नाहीतच. गडी नांगर घेऊन निघाला की मेरुमणी दिसेपर्यंत चालत राहील. मणी ठेवायला विसरलात, तर शेजाऱ्याच्या शेतातून, त्याच्या अंगणातून, त्याच्या देवघरातून! नुसते वाचत गेला तर शेजाऱ्याचे गुपित बाहेर येते, लिहीत गेला तर शेजाऱ्याचे लिहिलेले पुसले जाते. त्या शेजारात कधी कधी एक चिठ्ठी असते: हे काम संपल्यावर परत कोठे जायचे, याची. ती चिठ्ठीच कोणी मुद्दाम बदलली, तर यंत्र चोराच्या सांगण्याने चालू लागते.

तसे झालेही. २ नोव्हेंबर १९८८ रोजी अमेरिकेतल्या रॉबर्ट मॉरिस या विद्यार्थ्याने एक स्वतःच पसरणारी आज्ञावली सोडली. तिच्या अनेक वाटांपैकी एक ही होती: एका सेवेने ओळ वाचण्यासाठी ५१२ बाइटची जागा राखली होती, आणि ‘गेट्स’ नावाच्या क्रियेने ती ओळ घेतली होती. समोरून किती येते आहे हे ‘गेट्स’ विचारतच नसे. आले ५३६. वरच्या चोवीस बाइटांनी ती चिठ्ठी बदलली. हजारो यंत्रे ठप्प झाली. ‘गेट्स’ला सी भाषेच्या प्रमाण ग्रंथातून काढायला मात्र २०११ साल उजाडले. दप्तरी कामाला वेळ लागतो, तो काही केवळ आपल्याकडेच नव्हे.

कोणी म्हणेल, मग संख्या आधी लिहिण्याचा मार्गच बरा होता. थांबा. एप्रिल २०१४ मध्ये ‘हार्टब्लीड’ नावाची चूक उघड झाली. तीत संख्या सांगितलेली होती, पण सांगणारा खोटे बोलत होता. एक-दोन अक्षरे पाठवून ‘मी ६४ हजार पाठवली, ती परत दे’ म्हणायचे, की यंत्र बिचारे शेजारच्या घरांतले उचलून देत असे. त्यात लोकांचे परवलीचे शब्दही असत. मापाऱ्याच्या तोंडाकडे पाहून चालत नाही, रास पाहावी लागते.

आता आपल्या वेलांटीकडे येतो. रोमन अक्षराला एक बाइट पुरतो. मराठीचे काय? पुण्याला १९८८ साली सी-डॅक ही संस्था निघाली. कानपूरच्या आयआयटीत सुरू झालेले जिस्टचे काम तिने पुढे नेले आणि भारतीय लिप्या संगणकाच्या पडद्यावर आणल्या. १९९१ साली ‘इस्की’ हे भारतीय मानक छापले गेले. त्यात प्रत्येक चिन्हाला एक बाइट. कळमनुरी म्हणजे क, ळ, म, न, उकार, र, दीर्घ वेलांटी: सात चिन्हे, सात बाइट, आठवा मेरुमणी. सुटसुटीत! पण साऱ्या जगाच्या लिप्या एकत्र ठेवायच्या तर २५६ खुणा पुरणार कशा? म्हणून त्याच १९९१ साली युनिकोड आले. त्याचे आकडे मोठे, एका बाइटात न मावणारे. ते साधेपणाने दोन बाइटांत मांडावे, तर रोमन अक्षरांच्या वरच्या बाइटात शून्य येते, आणि सी भाषा शून्य दिसले की थांबते. गाव अर्ध्यात संपायचे!

हा पेच सोडवला कोणी? त्याच केन थॉमसननी. सप्टेंबर १९९२ मध्ये न्यू जर्सीतल्या एका खाणावळीत, रॉब पाइक सोबत असताना, ताटाखालच्या कागदावर त्यांनी यूटीएफ-८ ही रचना मांडली. तिची खुबी अशी की कोणत्याही लिपीच्या अक्षरात शून्याचा बाइट कधी येत नाही. मेरुमणी एकटा मेरुमणीच राहतो. इतिहासात असे क्वचित घडते, की ज्याने जुनी सोय केली, त्यालाच वीस-बावीस वर्षांनी तिची किंमत चुकती करता येते.

किंमत थोडी आपणही भरतो. या रचनेत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. मोडीला तर चार. मोडी युनिकोडमध्ये आली ती २०१४ साली. ‘क’ म्हणजे २२४, १६४, १४९. शेवटची वेलांटी म्हणजे २२४, १६५, १२८. शिक्षक मित्रांनो, हे फळ्यावर मांडून दाखवण्यासारखे आहे. सात त्रिक एकवीस, वर एक शून्य: बावीस घरे. पावतीवर सहा चिन्हे धड उतरली आणि सातवे फुटके, त्या अर्थी मजकुराला जागा एकोणीस किंवा वीस बाइटची. कोणा प्रोग्रामरने मनात रोमन अक्षरे धरून ‘तालुक्याच्या नावाला वीस पुरे’ असे ठरवले असावे. वीस सारी मजकुराला दिली तर वेलांटीचे २२४ आणि १६५ उरतात, १२८ जातो. विसातले एक शून्याला दिले तर नुसता २२४. दोन्हींकडून तोच काळा चौकोन.

नाव असे मापून कापणारी सी भाषेतली एक क्रिया आहे, ‘स्ट्रएनकॉपी’. तीही युनिक्सच्या जुन्या घरातली. तेथे फायलीच्या नावाला नेमकी १४ घरे असत. नाव आखूड असेल तर उरलेल्या घरांत शून्ये भरावीत, चौदाच्या चौदा भरले तर मेरुमणी नकोच, अशी रीत होती. तिच्यासाठी ही क्रिया केलेली. पुढे लोक ती ‘सुरक्षित’ समजून सर्रास वापरू लागले. वाढलेल्या ताटाचा आकार पाहून अन्न नव्हे, जेवणाऱ्याचा हात कापावा, असे ते झाले! चौदा घरांत कळमनुरीचे किती बसेल, हे मुलांना विचारा. क, ळ, म, न, आणि उकाराचे दोन तृतीयांश.

नव्या भाषांनी यातून काही धडा घेतला आहे. २०१५ साली पक्की झालेली ‘रस्ट’ ही भाषा प्रत्येक माळेबरोबर तिची लांबी बाळगते, बांधाबाहेर पाऊल टाकू देत नाही, आणि ‘वीस बाइटवर तोड’ म्हटले तर वेलांटी मधोमध कापण्याऐवजी कामच थांबवते. डिसेंबर २०२२ मध्ये लिनक्सच्या गाभ्यातही तिला जागा मिळाली. पण सी भाषेत लिहिलेले जुने काम जगभर अजून चालूच आहे.

आमच्या विद्यार्थिनीची दुरुस्त पावती चौथ्या खेपेला मिळाली. तालुक्याचे नाव तीत रोमन लिपीत छापले आहे. नऊ अक्षरे, नऊ घरे, कोठे काही सांडलेले नाही. फक्त ‘ळ’ चा ‘ल’ झाला आहे.