खलाची सत्ता आणि गोळीचे कवच

पूर्वीच्या महाराष्ट्रीय घरात औषध ही घेण्यापूर्वी घडवावयाची वस्तू होती. वैद्यराजांनी दिलेली मात्रा मधात खलून रोग्यास चाटवावी. तान्ह्या मुलाच्या बाळगुटीत वेखंडाचे किती वेढे आणि मुरुडशेंगेचे किती, याचा निवाडा घरातील वडीलधाऱ्या बाईने मुलाचे पोट पाहून करावा. आणि रोगी शेवटच्या घटका मोजू लागला म्हणजे हेमगर्भाची मात्रा उगाळण्यासाठी सहाणेची शोधाशोध व्हावी, असा तो दस्तूर होता. रसशास्त्राने मर्दनास पारदाच्या संस्कारांत स्थान दिले असल्यामुळे, जितके घोटावे तितके औषध गुणास येते ही श्रद्धा वैद्यांच्या खलातून सामान्य संसारात झिरपली, आणि इंग्रजी अंमलात दवाखाने आले तरी तिला धक्का पोहोचला नाही. तेथील कंपाउंडरही गोळ्या कुटून मुलांसाठी पुड्याच बांधून देत असे.

त्यात वावगे असे काही नव्हते. विल्यम ब्रॉकेडन या इंग्रज चित्रकाराने 1843 मध्ये भुकटी साच्यात दाबून घट्ट करण्याच्या युक्तीची सनद मिळविली, ती पेन्सिलीतल्या शिशासाठी आणि औषधाच्या गोळ्यांसाठी एकदमच. अशी दाबलेली गोळी पुन्हा कुटली, तर ती फार तर आपल्या पूर्वस्थितीस जाई.

परंतु 1884 च्या सुमारास हॅम्बुर्गचे त्वचारोगतज्ज्ञ पाउल उन्ना यांनी नखे व शिंगे ज्या द्रव्याची बनतात त्या केराटिनचा लेप गोळ्यांवर चढविला, आणि जठरातील आम्लास दाद न देता आतड्यात पोहोचून मग विरघळणाऱ्या गोळीची कल्पना पुढे मांडली. तो लेप व्यवहारात फारसा टिकला नाही; कल्पना मात्र टिकली, कारण काही औषधे जठरास जाळतात, तर काहींना जठरच नासवून टाकते. पुढे 1952 मध्ये स्मिथ क्लाइन अँड फ्रेंच या अमेरिकन कंपनीने ‘स्पॅन्स्यूल’ बाजारात आणले: एका कुपीत शेकडो सूक्ष्म कण, त्यांवर कमीअधिक जाडीचे लेप, आणि त्यामुळे एकाच वेळी घेतलेल्या औषधाची दहाबारा तासांत हप्त्याहप्त्याने रवानगी. वैद्याच्या हातातील कौशल्य येथे गोळीच्या अंगात उतरले. आणि माझ्या मते खलाची सत्ता खऱ्या अर्थाने त्याच दिवशी संपली, जरी त्याची वर्दी आमच्या स्वयंपाकघरांपर्यंत अद्याप पोहोचलेली नाही.

अशी गोळी कुटली म्हणजे बारा तासांचा ऐवज एकदम रक्तात ओतला जातो. रक्तदाबाच्या औषधाने मग रोगी चक्कर येऊन कोसळतो, आणि अफूच्या जातीच्या वेदनाशामकाने त्याचा श्वासच मंदावतो. याचा भीषण दाखला अमेरिकेने दिला. 1996 मध्ये तेथे विक्रीस आलेल्या ऑक्सिकॉन्टिन या अशाच वेदनाशामकाच्या माहितीपत्रात, गोळी फोडल्यास औषध घातक वेगाने सुटेल, असा इशारा छापलेला होता. तो इशाराच व्यसनी लोकांना वाट दाखवून गेला असावा, असे तेथील सरकारी तपासनिसांनी पुढे नोंदविले. अखेर 2010 मध्ये त्याच्या उत्पादक कंपनीने सहजी न फुटणारी आणि पाण्यात चिकट गोळा होणारी गोळी काढली.

आमच्याकडे गोळी कुटली जाते ती व्यसनापायी नव्हे, मायेपोटी. म्हाताऱ्या सासऱ्यांना गिळवत नाही, किंवा नाकातील नळीतूनच सारे द्यावे लागते, म्हणून सकाळच्या पाचसहा गोळ्या एकत्र वाटून पाण्यात कालविल्या जातात. त्यांतील साधी कोणती आणि कवचाची कोणती, हे औषधविक्रेत्यास विचारण्याची वा त्याच औषधाचे पातळ रूप मागण्याची चाल मात्र पडलेली नाही. धोका केवळ घेणाऱ्यासच असतो, असेही नाही. वाढलेल्या प्रोस्टेट ग्रंथीवरील फिनास्टेराइडची फुटलेली गोळी गर्भवती स्त्रीने हाताळू नये, कारण तिचा अंश त्वचेतून शिरून पुरुषगर्भाच्या वाढीत व्यंग आणू शकतो, असे तिच्या माहितीपत्रात स्पष्ट नमूद असते. आणि घरातील वृद्धांची औषधे कुटण्याचे काम आमच्याकडे बहुधा सुनेकडे असते.