बोरघाट आणि पाच टक्के

रुळांच्या देखभालीत माझी सगळी नोकरी गेली, त्यातली बरीचशी कर्जत-लोणावळ्याच्या मधे, बोरघाटात. त्यामुळे हा घाटमार्ग बांधणाऱ्या ग्रेट इंडियन पेनिन्सुला (जीआयपी) रेल्वेच्या पराक्रमाच्या गोष्टी कुणी सांगू लागलं, की मी आधी विचारतो: पैसा कुणाचा होता? १८४९ च्या करारानं भागधारकांना भांडवलावर पाच टक्के व्याजाची हमी मिळाली होती. कंपनी तोट्यात गेली तरी व्याज चुकायचं नाही; तूट हिंदुस्थानच्या तिजोरीतून, म्हणजे बरीचशी इथल्या शेतसाऱ्यातून भरून निघायची. संचालक मंडळ लंडनला, मुख्य इंजिनिअर जेम्स बर्कली मुंबईत, त्याच्यावर नजर ठेवायला सरकारी सल्लागार इंजिनिअर आणि खडकाशी झुंजायला ठेकेदार. मंजुरी देणारे पुष्कळ होते. कामावर उभं राहणारे किती, ते पुढे दिसलं.

बर्कलीबद्दल मला आदरच आहे. पावणेसोळा मैलांत १,८३१ फूट चढायचं, वाटेत २५ बोगदे, आणि सर्वांत तीव्र चढ ३७ फुटांना एक फूट. असल्या डोंगरातून रेघ ओढणं सोपं नव्हतं. घोळ झाला तो कामात. १८५६ साली काम सुरू केलेल्या ठेकेदार फॅव्हिएलच्या कामावर मजुरी थकू लागली. जानेवारी १८५९ मध्ये मजुरांनी दंगा केला, आणि थोड्याच दिवसांत फॅव्हिएलनं अंग काढून घेतलं. नवा ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल त्याच वर्षी आला आणि काही आठवड्यांतच वारला. त्याची बायको ॲलिस हिनं ठेका सोडला नाही, माणसं नेमून काम तडीस नेलं. तिच्यावर खरं तर वेगळं लिहायला हवं. १८६१ मध्ये घाटात चाळीस हजारांवर मजूर राबत होते; पटकीनं त्यातले किती नेले, याचा विचार केला की पराक्रम हा शब्द माझ्या तोंडून निघत नाही.

उतारावर मात्र कंपनी कुणावरही भरवसा ठेवत नव्हती. हाताच्या ब्रेकांचा तो काळ. म्हणून कॅच सायडिंगचा सांधा कायम चढावर जाणाऱ्या फाट्याकडे लावलेला. उतरणारी गाडी थांबायची, ड्रायव्हर शिट्टी द्यायचा, मगच सांधेवाला तिला मुख्य मार्ग द्यायचा. गाडी निसटली असेल तर ती फाट्यावर चढून आपोआप थांबावी, ही त्यातली युक्ती. आजही घाटात हेच तत्त्व चालतं.

दगडकामाला असा पहारा नव्हता. १८६३ च्या एप्रिलात गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांनी घाटाचं उद्घाटन केलं, आणि १८६७ मध्ये म्हाऊ-के-मल्लीचा पन्नास-पन्नास फुटी आठ कमानींचा पूल कोसळला. बाहेरून चिरे घडीव, आत डबराचा भराव आणि हलका चुना. असलं काम पुरं झाल्यावर पाहून काही कळत नाही. घाणीत चुना मळला जाताना, भरावात आरपार लांब दगड बसवताना जाणता माणूस तिथं हजर लागतो. पावसाचं पाणी आत मुरलं की मग भिंत फुगायला लागते.

जाब विचारायचा कुणाला? बर्कली १८६२ मध्येच इंग्लंडात वारला होता, फॅव्हिएल केव्हाच बाजूला झाला होता. कंपनीनं मग बाकीचे पूल तपासायला घेतले, आणि त्यातले कितीतरी पुन्हा बांधावे लागले.