अठरा तास अभ्यास: अवधान, जाणीव आणि झोप

एप्रिल आला की महाविद्यालयांत, वसतिगृहांत, विहारांत ‘सलग १८ तास अभ्यास’ उपक्रमाचे बॅनर लागतात. बाबासाहेबांना पुस्तक हातात घेऊन अभिवादन करणे डीजेपेक्षा केव्हाही चांगले. संगमनेर परिसरातल्या मुलामुलींसोबत मीही अशी बसले आहे. पण अकराव्या-बाराव्या तासानंतर अनेकांचे डोळे ओळींवर असतात आणि मन तिथे नसते. एखादा पेंगला की बाकीचे त्याला आळशी म्हणून हसतात. हा आळस नाही. तो काय आहे, हे समजून घेऊ.

अनेक गोष्टींतून एक निवडून तिच्यावर मन टिकवणे म्हणजे अवधान. ते फार काळ एकसारखे टिकत नाही. रडारवर नजर ठेवणारे सैनिक खुणा का चुकवतात, हे शोधताना ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ नॉर्मन मॅकवर्थ यांनी लोकांना घड्याळासारख्या तबकडीसमोर बसवले. काटा मधूनच दुप्पट उडी मारी, ती टिपायची. १९४८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात पहिल्या अर्ध्या तासातच चुका वाढलेल्या दिसल्या. मध्ये विश्रांती दिली की काम पुन्हा सुधारे.

झोप दोन गोष्टींवर ठरते. जागेपणी मेंदूत अ‍ॅडेनोसिन साचत जाते आणि झोपेचा दाब वाढतो. चहा-कॉफीतले कॅफिन त्याचा परिणाम काही काळ अडवते, साठा कमी करत नाही. दुसरे म्हणजे शरीराचे दिवस-रात्रीचे घड्याळ. किशोरवयात ते उशिरा धावते, म्हणून दहावी-बारावीच्या मुलांना रात्री लवकर झोप येत नाही आणि सकाळी उठवत नाही. दाब फार वाढला की डोळे उघडे असतानाही मेंदू काही सेकंद झोपतो. जाणीव ही दिव्याच्या बटणासारखी नाही. ती अशी मधूनमधून तुटते आणि आपल्याला पत्ताही लागत नाही.

झोपेत मेंदू बंद पडत नाही. साधारण ९० मिनिटांच्या चक्रांत गाढ झोप आणि स्वप्नांची झोप आलटून पालटून येते. दिवसा वाचलेले पक्के होण्याचे बरेच काम याच वेळी चालते. म्हणजे रात्र जागून वाचणारा विद्यार्थी वाचलेले टिकवण्याची वेळच खर्च करतो.

माझी खरी काळजी वेगळी आहे. सकाळी सहाला सुरू झालेला उपक्रम रात्री बाराला संपतो आणि मुले मोटारसायकलवर ट्रिपल सीट नाशिक-पुणे महामार्गाने गावी निघतात. १९९७ च्या एका ऑस्ट्रेलियन अभ्यासात १७ तास जागे असलेल्यांचा हात-डोळ्यांचा मेळ रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्यांइतका ढासळलेला आढळला. आपल्याकडे वाहनचालकासाठी कायद्याची मर्यादा ०.०३ टक्के आहे.

धम्मात यावर काय आहे? थीनमिद्ध, म्हणजे सुस्ती आणि पेंग, हे पाच नीवरणांपैकी एक. एवढेच ऐकून काही जण झोपेलाच शत्रू मानतात. अंगुत्तर निकायात मोग्गल्लान ध्यानाला बसून पेंगत असतात, तेव्हा बुद्ध रागावत नाहीत, उपाय सांगतात: ऐकलेल्या धम्माचे चिंतन कर, कान ओढ, डोळ्यांना पाणी लाव, आकाशातले तारे पाहा, प्रकाशाची संज्ञा मनात आण, चंक्रमण कर. एवढे करूनही पेंग जात नसेल, तर उठण्याची वेळ मनात ठरवून उजव्या कुशीवर झोप. जाग येताच लोळत न राहता उठ, हेही तिथेच आहे. सतिपट्ठानातही झोपताना आणि जागताना सजग राहण्याचा उल्लेख येतो.

बाबासाहेबांच्या जागरणांचे आपण कौतुक करतो. पण संविधानाच्या कामाच्या काळात, १९४७-४८ मध्ये, मधुमेह आणि पायांच्या वेदनांनी त्यांची झोप उडाली होती, उपचारासाठी मुंबईला यावे लागले होते, हे व्याख्यानांत क्वचितच येते.

आमच्याकडच्या अनेक मुलांना झोप मुळातच कमी मिळते. एका खोलीचे घर, टीव्ही चालू, आई रात्री उशिरापर्यंत विड्या वळते. शेतीपंपाची वीज रात्रीची असेल तर बापासोबत पोरगाही दारे धरायला जातो. अशा मुलाला सकाळी अभ्यासिकेत पेंगताना पाहून ‘जिद्द नाही’ म्हणणे मला पटत नाही.

उपक्रम जरूर घ्यावा. १८ तास दोन दिवसांत, नऊ-नऊ करून बसता येते. दर तासाला दहा मिनिटे चंक्रमण, दुपारी वीस मिनिटांची डुलकी, मोबाईल एका पेटीत. आणि एका दिवसातच करायचे असेल, तर मुलांची रात्रीची झोपायची सोय विहारातच करावी, सतरंज्या आधीच मागवून ठेवाव्यात.