नेम कोणत्या डोळ्याचा?

दोन्ही हातांनी सारख्याच कौशल्याने बाण सोडणारा म्हणून अर्जुनाला आपण सव्यसाची म्हणतो. पक्ष्याच्या डोळ्याची त्याची कथाही आपल्याला पाठ आहे. पण तो पक्षी पाहणारा अर्जुनाचा डोळा कोणता, हे आपण कधी विचारले नाही. बंदुकीच्या इतिहासाला मात्र हा प्रश्न टाळता आला नाही.

दोन डोळ्यांना दिसणारी चित्रे किंचित निराळी असतात. रेघ जुळवायची वेळ आली की मन त्यांतले एकच प्रमाण मानते. नेपल्सच्या देल्ला पोर्ता याने १५९३ साली वक्रीभवनावरील आपल्या ग्रंथात याचा पडताळा सांगितला. समोर काठी धरून ती भिंतीवरच्या भेगेशी जुळवावी आणि आळीपाळीने एकेक डोळा मिटावा. जो मिटल्यावर काठी सरकलेली दिसते, तो सत्ताधारी डोळा. आपणही समोरच्या दिव्याकडे बोट रोखून हे करून पाहावे. सुमारे दोन तृतीयांश माणसांत ही सत्ता उजव्या डोळ्याकडे असते. पण उजव्या हाताच्या माणसाचा डोळाही उजवाच असेल, असा नियम नाही.

हे ज्ञान शिपायाच्या कामी फार उशिरा आले, याचे कारण बंदुकीतच होते. अठराव्या शतकातील ब्रिटिश पायदळाच्या ‘ब्राउन बेस’ला नेम धरण्याची मागची खूण नव्हतीच. रांगेत उभे राहून हुकुमासरशी बार काढायचा, तेथे डोळ्याला विचारतो कोण? शिवाय चकमक उजव्या अंगाला. डाव्या खांद्यावरून बार काढला, तर रंजकेचा भडका तोंडापुढेच! सर्वांचा खांदा उजवा, हा कवायतीचा दंडक झाला.

पुढे रायफल आली. जिच्या काडतुसांचे नाव १८५७ च्या इतिहासात आपण वाचतो, ती एनफिल्ड १८५३ ची. त्याच साली इंग्लंडात हाइथ येथे लष्कराची नेमबाजीची शाळा निघाली. आता प्रत्येक शिपायाला नेम धरणे भाग पडले. पिस्तूल हातभर लांब असते, ते कोणत्याही डोळ्यासमोर आणता येते. बंदुकीच्या दस्त्याला मात्र गाल टेकावा लागतो. खांदा ठरला की डोळाही ठरला. उजव्या खांद्यावर बंदूक, दोन्ही डोळे उघडे आणि सत्ता डाव्या डोळ्याची, असे झाले की बार डावीकडे जातो. दोष मात्र त्या माणसाच्या अकलेला लागतो.

शिकारी बंदुका घडवणाऱ्या इंग्रज कारागिरांनी एकोणिसाव्या शतकात निराळी वाट काढली. त्यांनी दस्ताच असा वाकवला की, तो उजव्या खांद्याला टेकावा आणि नळी डाव्या डोळ्यासमोर यावी. पलटणीने माणूस बंदुकीला जुळवून घेतला. कारागिराने बंदूक माणसाला जुळवली.

हात शिकवता येतो. हंगेरीचे पिस्तूलबाज कारोय टाकाच यांचा उजवा हात १९३८ साली हातबाँबने निकामी झाला. त्यांनी डावा हात तयार केला आणि १९४८ व १९५२ च्या ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदके मिळवली. डोळ्याची सत्ता मात्र सरावाने अशी सहजी पालटत नाही. म्हणून जाणता शिक्षक आज आधी डोळा तपासतो, मग खांदा ठरवतो. खांदा बदलणे जमत नसेल, तर चष्म्याच्या काचेवर धूसर पट्टी लावून सत्ताधारी डोळ्याला तेवढ्यापुरता बाजूला बसवतो.

नेम चुकणाऱ्याला बोल लावण्यापूर्वी तो कोणत्या डोळ्याने पाहतो, हे विचारावे. कवायतीच्या मैदानाने हा धडा उशिरा घेतला. वर्गात डावखुऱ्या मुलाच्या हातावर छडी मारणाऱ्यांनाही तो लागू आहे.