हस्तलिखितात दडलेला खुनी

खून होतो, पण पडद्याआड. तपास करणारा बहुधा हौशी असतो आणि सारे संशयित एकमेकांच्या ओळखीचे असतात. अशा सौम्य रहस्यकथेला इंग्रजीत 'कोझी मिस्टरी' म्हणतात. मोजक्या माणसांचे बंदिस्त जग ही तिची पहिली गरज असते. प्रकाशनसंस्था ती नेमकी भागवते. लेखक, संपादक, मुद्रितशोधक, चित्रकार, वितरक असे सारे एकाच पुस्तकाशी बांधलेले असतात, मात्र प्रत्येकाचा हिशेब वेगळा असतो.

कारण कोणते?

या व्यवसायात पैशाइतकेच नावालाही मोल असते. त्यामुळे खुनाचे कारण नावाशी जोडलेले असेल तर ते अधिक पटते. चोरलेले कथानक, दुसऱ्याने लिहून दिलेले पुस्तक किंवा आत्मचरित्रातून फुटू पाहणारे जुने गुपित ही त्याची उदाहरणे. अमेरिकी लेखक रेक्स स्टाऊट यांच्या 'प्लॉट इट युवरसेल्फ' (१९५९) या कादंबरीत वाङ्मयचौर्याच्या खोट्या दाव्यांनी लेखक आणि प्रकाशक हैराण होतात. गुप्तहेर नीरो वुल्फ हस्तलिखिते वाचतो आणि परिच्छेद पाडण्याच्या लकबीवरून त्यांमागचा हात एकच असल्याचे ओळखतो.

पुरावा कुठे?

पुरावा व्यवसायातूनच यावा. 'एंड ऑफ चॅप्टर' (१९५७) या कादंबरीत एका सेनाधिकाऱ्याच्या आठवणींतील बदनामीकारक मजकूर संपादक खोडतात. मुद्रितावर मात्र कोणीतरी 'तसेच ठेवा' अशी खूण करते आणि तो मजकूर छापला जातो. मुद्रित कोणाच्या टेबलावर किती वेळ होते, या एका प्रश्नातून संशयितांची यादी तयार होते. पुढे त्याच कचेरीत खूनही पडतो. निकोलस ब्लेक या टोपणनावाने ही कादंबरी लिहिणारे कवी सेसिल डे-लुईस स्वतः चॅटो अँड विंडस या प्रकाशनसंस्थेत काम करीत. अँथनी होरोविट्झ यांच्या 'मॅगपाय मर्डर्स'मध्ये (२०१६) तर रहस्यकथेच्या हस्तलिखिताचा शेवटच गहाळ असतो आणि तो शोधायला संपादिकाच बाहेर पडते.

आखणी कशी?

आखणी शेवटाकडून सुरू करावी. खुन्याचे गुपित आधी ठरवावे. ते उघड करणारा कागद कोणता, करारपत्र, जुना खर्डा की स्वामित्वधनाची नोंद, हे मग निश्चित करावे. तो कागद ज्यांच्या हातून जातो, ते संशयित. खरा दुवा सुरुवातीच्या प्रकरणांत, रोजच्या कामाचा भाग म्हणून सहज दिसू द्यावा. एक-दोन चकवे पुरेत. छपाई आणि वितरणाचा तपशील कथेला लागेल तेवढाच घ्यावा.

रोनाल्ड नॉक्स यांनी १९२९ मध्ये सांगितलेले दोन नियम येथेही लागू पडतात. गुन्हेगार कथेत लवकर दिसला पाहिजे आणि गुप्तहेराला सापडलेला दुवा वाचकापासून लपवता कामा नये. हे पथ्य मोडले तर वाचकाला फसवणूक झाल्यासारखे वाटते. शेवटी खुनी पकडला जावाच. पण मुखपृष्ठावरून ज्याचे नाव पुसले गेले, त्याला ते परत मिळाले, तरच अशा कथेतील न्याय पूर्ण होतो.