सकळ लिपी ते युनिकोड : मराठी वाचनाचा एक विस्मृत अध्याय

मराठी वाङ्मयेतिहासाच्या वर्गात महानुभावांच्या सकळ लिपीचा उल्लेख न चुकता होतो. एका अक्षराच्या जागी दुसरे अक्षर वा चिन्ह योजून पंथीयांनी आपले ग्रंथ परक्या नजरेपासून जपले. त्यामुळे ते इतर मराठी वाचकांना शतकानुशतके अगम्य राहिले, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाडे यांनी त्या लिपीचा उलगडा केल्यावर हे वाङ्मय अभ्यासकांना खुले झाले. यवतमाळ जिल्ह्यात मराठी शिकविणाऱ्या आम्हां मंडळींना ही हकीकत परीक्षेपुरती वाटत नाही, कारण महानुभावांचे रिद्धपूर शेजारच्याच अमरावती जिल्ह्यात आहे. अशीच एक लिपी मराठी समाजाने अगदी अलीकडे संगणकावर निर्माण केली, तीही अजाणता. तिच्या किल्ल्या प्लगइन नावाच्या छोट्या जोड-प्रणालींत होत्या. त्या किल्ल्यांचा इतिहास येथे थोडक्यात मांडावयाचा आहे.

१९९०च्या दशकात महाजाल आले तेव्हा संगणकातील टंकांत अक्षरांसाठी साधारणपणे २५६ जागा असत आणि त्या रोमन लिपी गृहीत धरून आखलेल्या होत्या. देवनागरीचे टंक करणाऱ्यांनी त्याच जागांवर आपल्या अक्षरांचे तुकडे बसविले : अर्धा क, काना, वेलांटी, रफार. संगणकाच्या लेखी तो मजकूर रोमनच राही. देवनागरी दिसे ती त्या विशिष्ट टंकामुळे. भारतीय लिपींसाठी इस्की हे प्रमाण १९९१ साली ठरले होते, पण टंक करणारी प्रत्येक संस्था आपली निराळी कोष्टके वापरीत राहिली. ऱ्हस्व वेलांटी तर व्यंजनाच्या आधी साठविली जाई, कारण ती डोळ्यांना आधी दिसते. ही शब्दशः सकळ लिपीचीच रीत झाली.

वाचकाने टंक उतरवून घ्यावा आणि विंडोजच्या फाँट्स फोल्डरमध्ये ठेवावा, ही पहिली वाट होती. १९९७ साली दुसरी वाट निघाली. नेटस्केप कम्युनिकेटर ४ ने बिटस्ट्रीमच्या ट्रूडॉक तंत्राने, तर इंटरनेट एक्स्प्लोअरर ४ ने मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या तंत्राने, पानासोबतच टंक पाठविण्याची सोय केली. एकाचा टंक दुसऱ्याला आपसूक कळत नसे. एक्स्प्लोअररमध्ये ट्रूडॉकची पाने वाचावयाची तर वेगळी जोड बसवावी लागे. २००० साली नेटस्केप ६ नव्या पायावर उभा राहिला आणि ट्रूडॉकचा आधार गेला. लिनक्सवर मायक्रोसॉफ्टचे तंत्र कधी नव्हतेच. एकच मराठी बातमी एका संगणकावर बातमी असे आणि शेजारच्या संगणकावर रोमन अक्षरांचा व चिन्हांचा कचरा.

युनिकोड १९९१ पासून होते. मग ते का वापरले गेले नाही, असा प्रश्न विद्यार्थी विचारतात. अक्षराला क्रमांक मिळाला म्हणजे जोडाक्षर जुळले असे होत नाही. ते जुळविण्याचे काम ऑपरेटिंग सिस्टिमचे. विंडोज २००० मध्ये देवनागरीची सोय झाली. २००१च्या एक्स्पीत ती सेटिंगमध्ये जाऊन चालू करावी लागे आणि त्यासाठी बहुधा मूळ सीडी मागितली जाई. तालुक्याच्या गावी संगणकासोबत सीडी असेलच असे नव्हते. ती सोय नसेल तर अनेकदा जोडाक्षरे सुटी पडत आणि वेलांटी भलत्या बाजूस जाई. २००७ साली व्हिस्टात ही सोय मुळातच आली, आणि २००८ साली फायरफॉक्स ३ ने लिनक्सवर पँगो या अक्षरजुळणी करणाऱ्या प्रणालीचा आधार सरसकट घेतला. मराठीतील ‘ॲ’ला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा मिळाली तीही २००८ सालीच.

दरम्यान राजवाड्यांचे काम एका लहानशा जोड-साधनाने केले. फायरफॉक्ससाठीचे ‘पद्मा’ आधी तेलुगूकरिता होते. पुढे त्यात इतर भारतीय लिपींची भर पडली. टंकाचे कोष्टक पाहून ते संपूर्ण पान वाचता वाचता युनिकोडमध्ये उतरवी. अर्थात ज्या टंकाचे कोष्टक त्यात नसे, तो टंक बंदच राही.

जुन्या ग्रंथांची अडचण निराळी होती. डिजिटल लायब्ररी ऑफ इंडियाने हजारो जुनी पुस्तके पानापानाच्या टिफ चित्रांच्या रूपात ठेवली होती, आणि बहुतेक ब्राउझरांना टिफ दाखविता येत नसे. विंडोजवर त्यासाठी आल्टरनाटिफ हे प्लगइन बसवावे लागे. वणी, पुसद, उमरखेड येथील विद्यार्थ्याला एकोणिसाव्या शतकातले पुस्तक पाहण्यासाठी एरवी नागपूर किंवा मुंबई गाठावी लागे. प्लगइन बसले तर तो प्रवास वाचे. न बसले तर पडद्यावर रिकामा चौकोन.

पुढे प्लगइनांचे युगच संपले. ती संगणकाच्या सुरक्षिततेला धोक्याची होती आणि मोबाइलवर त्यांना फारसा थारा मिळाला नाही. क्रोमने सप्टेंबर २०१५ मध्ये व फायरफॉक्सने मार्च २०१७ मध्ये जुन्या पद्धतीची प्लगइने बंद केली. नोव्हेंबर २०१७ मध्ये फायरफॉक्सची जुन्या धर्तीची जोड-साधनेही थांबली. फ्लॅश ३१ डिसेंबर २०२० रोजी संपले. या अंताचे दुःख करण्याचे कारण नाही. मागे काय उरले ते मात्र पाहिले पाहिजे.

मोल्सवर्थचा १८५७चा कोश शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर युनिकोडमध्ये आहे. त्यात आज कोणीही शब्द शोधू शकतो. डिजिटल लायब्ररीतील पुष्कळ पुस्तके इंटरनेट आर्काइव्हवर पोहोचली. चित्र प्लगइनवर अवलंबून नव्हते, म्हणून ते तगले. अडकला तो तिसरा प्रकार, टंकबद्ध मजकूर. १ जुलै २००६ रोजी पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी यवतमाळसह विदर्भातील ६ जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांची मदत जाहीर केली. त्या वर्षांत शेतकऱ्यांच्या आत्महत्यांविषयी मराठीत जे लिहिले गेले, त्यातील जेवढे अशा टंकांत महाजालावर गेले, तेवढे आज ‘यवतमाळ’ असा शब्द देऊन शोधले तर सापडत नाही. जपून ठेवलेली प्रत उघडली तरी ती रोमन चिन्हांत उघडते. ग्रामीण साहित्यावर प्रबंध लिहिणाऱ्याच्या दृष्टीने आपल्याच जिल्ह्याचे ते दशक सकळ लिपीत गेले आहे.

म्हणून आमचे म्हणणे असे, की मजकूर कोणत्या टंकात व कोणत्या कोष्टकाने साठविला गेला, ही माहिती पाठचिकित्सेचा भाग मानली जावी. हस्तलिखिताचा कागद, शाई आणि लेखनिक आपण नोंदवितोच. विभागाच्या कपाटांतील जुन्या सीडींवर जे प्रबंध आहेत, त्यांचे टंक उपलब्ध आहेत तोवर ते युनिकोडमध्ये उतरवून घेणे हे एम.ए.च्या वर्गालाही जमण्याजोगे काम आहे. महानुभावांच्या मठांत सकळ लिपीची किल्ली निदान परंपरेने हातोहात जात राहिली. या टंकांच्या किल्लीला मठ नाही आणि महंतही नाही; ती सांभाळण्याचे काम मराठी विभागांनाच करावे लागेल.